थांब, बाटली अजून मऊ आहे

लोणच्याचं बरं असतं. कैऱ्या फोडताना, मोहरी फेसताना काय जीव जायचा तो जातो, पण एकदा बरणीला दादरा बांधला की माणसाने विसरून जावं. पंधरा दिवसांनी काढलं तरी चालतं, चार महिन्यांनी काढलं तर अधिकच चालतं. उशीर झाला म्हणून लोणचं कुणावर रुसल्याचं माझ्या ऐकिवात नाही. अशा घरात वाढल्यामुळे धीर धरण्याच्या बाबतीत मला कुणी काही शिकवायचं राहिलंय, असं वाटत नव्हतं. मग भाच्याच्या नादाने मी आल्याची बिअर करायला घेतली. ही बया निराळी. लवकर उघडलीत तर नुसतं आल्याचं गोड पाणी, आणि फार उशीर केलात तर तुम्ही बाटली उघडायच्या आधी बाटलीच तुमच्या अंगावर उघडते.

भाचा लोअर परळच्या एका ब्रूपबमध्ये बिअर बनवायच्या खात्यात आहे. आमच्याकडे कुणी गिरणीत गेलं, कुणी बँकेत, एक जण पोस्टात. बिअरमध्ये जाणारा हा पहिला. माझा भाऊ सुरुवातीला लोकांना ‘फूड टेक्नॉलॉजीत आहे’ असं सांगायचा, आणि ते खोटंही नव्हतं. हा धंदाही तसा आपल्याकडे अलीकडचाच. पुण्यात ‘डूलाली’ २००९ साली सुरू झालं, आणि मुंबईत पहिला ब्रूपब २०१३ साली निघाला तो मथुरादास मिल कंपाउंडमध्ये. ज्या आवारात आमचे काका भोंग्याच्या आधी पोचायला धावायचे तसल्याच एका आवारात आता भाचा रात्री उशिरापर्यंत टाक्या राखतो.

एकदा जेवायला आला असताना त्याने माझ्या पोटमाळ्याकडे नजर टाकली. “आत्या, वर बरीच जागा आहे गं. एक बॅच टाकू?”

मी सरळ नाही म्हटलं. १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा अजून आहे, फक्त त्याच्या नावात आता महाराष्ट्र आलंय. परवान्याशिवाय बिअर करणं हा गुन्हा, आणि ‘हौस म्हणून, घरच्यापुरती’ असा वेगळा कप्पा त्यात नाही. भाच्याने मग ज्ञान पाजळलं की ब्रिटनमध्ये घरी बिअर करायला १९६३ पासून परवाना लागत नाही, अमेरिकेत जिमी कार्टर यांनी १९७८ साली त्यासाठीच्या कायद्यावर सही केली. मी म्हटलं, “मग तिकडे जाऊन टाक.” त्यावर तोडगा म्हणून आल्याची बिअर निघाली. नावाला बिअर. आलं, साखर, लिंबू आणि पाणी, नि बाटलीत आपोआप होणारा गॅस.

आपोआप हे महत्त्वाचं. मुंबईला आल्याचा सोडा काही नवा नाही. पालनजींचा कारखाना १८६५चा, ड्यूक्स १८८९चं. इराण्याकडे ब्रुनमस्क्यासमोर जिंजर किंवा रासबेरी घेऊन बसलेली माणसं मी लहानपणापासून पाहतेय. पण त्या बाटल्यांमध्ये वायू बाहेरून, यंत्राने भरतात. बाटली बंद झाली की ती तयारच. घरच्या बाटलीत मात्र वायू तयार करायला जिवंत यीस्ट लागतं, ते साखर खातं, आणि किती वेगाने खायचं हे आपल्याला विचारत नाही. साधारण १० ग्रॅम साखर खाल्ली की सुमारे ५ ग्रॅम वायू आणि ५ ग्रॅम अल्कोहोल. एका लिटरला चांगला फेस यायला एवढंच पुरतं, म्हणजे अल्कोहोल अर्ध्या टक्क्याच्या जरा वर. कायद्याच्या अक्षरावर बोट ठेवायचं तर एवढंही पुरे असेल. मी ती विकत नाही, लहान मुलांना देत नाही, आणि वेळेत फ्रीजमध्ये टाकते. एवढ्यावर एक्साइजवाल्यांनी जिने चढून यायचं ठरवलं तर त्यांनाही एक ग्लास देईन.

पहिलं काम विरजणाचं. भाचा त्याला काहीतरी इंग्रजी नाव सांगत होता, पण काचेच्या बरणीत आलं, साखर आणि पाणी घालून रोज त्यात थोडं आलं नि थोडी साखर टाकत राहायचं, आणि ते फसफसायला लागलं की त्यातलं नवीन पाण्याला लावायचं, याला दुसरं काय म्हणणार? आलं सालीसकट किसायचं, कारण यीस्ट सालीवर असतं. पाणी मात्र उकळून गार केलेलं. महापालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतं. आपल्याला ते जंतूंपासून वाचवतं, विरजणाला ते जगू देत नाही. बरणीच्या तोंडाला मलमलचा तुकडा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी किसाच्या कडेने बारीक बुडबुडे दिसू लागतात, कान लावला तर सळसळ ऐकू येते, आणि वास येतो. तो वास चाळीत लपत नाही.

आमच्या मजल्यावर लालबागचे एक आजोबा मुलाकडे राहायला आलेत. नव्वदीला टेकलेले, कान गेलेत, नाक शाबूत आहे. दारात उभे राहून म्हणाले, “काय हो बाई, भट्टी लावलीत की काय?”

बरणी दाखवली तरी त्यांचा विश्वास बसेना. मग बसले आणि बोलत सुटले. १९५० साली मोरारजीभाईंच्या काळात मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी आली तेव्हा ते शाळकरी होते. लालबाग-परळात घराघरांत हातभट्टी शिरली. काळा गूळ, नवसागर, आणि सायकलच्या ट्यूबमध्ये भरून अंगाला गुंडाळून नेलेला माल. पेपरात ‘गूळमिश्रित रसायन जप्त’ अशी बातमी यायची ती कशाची, हे पोरांना शाळेतल्या रसायनशास्त्राच्या आधी कळायचं. “पण एक सांगतो,” आजोबा म्हणाले, “ते लोक थांबत नसत. रसायन पिकायच्या आधीच उतरवायचे. उद्या धाड पडली तर सगळंच जाणार, मग आज जे निघेल ते काढा. चव कोण बघतोय!”

बंदीने लोकांची दारू सुटली की नाही यावर वाद घालणारे घालोत. तिने सबुरी मात्र नक्कीच घालवली, हे मला आजोबांच्या बोलण्यातून पहिल्यांदा जाणवलं. ज्याला वस्तू उद्या आपल्या हातात असेल याचीच खात्री नाही तो मुरवत कशाला बसेल? पोटमाळ्यावर निवांत बरणी ठेवता येणं ही चैन आहे.

बाटल्यांवरून भाच्याशी वाद झाला. क्रॉफर्ड मार्केटमधून मी चिमट्याच्या झाकणाच्या सुंदर चौकोनी बाटल्या आणल्या होत्या, शेल्फात ओळीने लावल्या की घर सजलेलं दिसावं अशा. त्याने एक उचलून उन्हाला धरली आणि खाली ठेवली. “यात तेल ठेव. चौकोनी बाटलीच्या सपाट भिंतीवर दाब आला की ती आधी जाते. गोल पाहिजे, आणि जाड.” बिअरइतका गॅस असलेली बाटली आपल्या उन्हाळ्यात तीन-साडेतीन वातावरणांचा दाब सोसत उभी असते. शँपेनची बाटली सहाच्या आसपास सोसते, म्हणून तर ती हातात एवढी जड लागते. गोटी सोड्याची आठवण निघाली. हिराम कॉडने १८७२ साली पेटंट घेतलेली ती बाटली, आतल्या दाबानेच गोटी वर दाबून तोंड बंद करणारी. मुंबईच्या दंगलींत सोडावॉटरच्या बाटल्या फेकल्या जायच्या त्या उगाच नाही. हलवून फेकली की तिचा बाँबच व्हायचा.

तर गोल, जाड बाटल्या आल्या. आल्याचा काढा, साखर, गार झाल्यावर लिंबाचा रस आणि गाळलेलं विरजण, असं सगळं भरलं, वर दोन बोटं जागा सोडली. सगळ्यांबरोबर एक बाटली मुद्दाम साध्या प्लास्टिकच्या सोड्याची. तीच खरी राखणदार. काचेच्या पोटात काय चाललंय ते कळत नाही, प्लास्टिकची बाटली अंगठ्याने दाबून कळते. भरताना ती मऊ असते, बोट आत जातं. वायू साठू लागला की हळूहळू ताठरते. दगडासारखी झाली की सगळ्या बाटल्या त्याच क्षणी फ्रीजमध्ये. बाटल्यांचा खोका पोटमाळ्याच्या कोपऱ्यात, वर ओलं गोणपाट आणि त्यावर जुनी गोधडी, न जाणो एखादी फुटलीच तर काचा तिथेच राहाव्यात म्हणून.

आणि मग वाट पाहणं.

पाककृतींमध्ये लिहिलेलं असतं, ‘खोलीच्या तापमानाला इतके दिवस’. कुणाच्या खोलीच्या? ज्यांनी ते लिहिलं त्यांची खोली २० अंशांची. आमच्या खोलीत ऑक्टोबरमध्ये दुपारी पंखा गरम वारा ढकलत असतो. १० अंश वाढले की यीस्टचा वेग साधारण दुप्पट होतो, असं भाचा सांगतो. म्हणजे तिकडचा आठवडा इकडे तीन-चार दिवसांत आटपतो, पोटमाळ्यावर तर त्याहून लवकर, कारण पत्र्याखालची ऊब सगळी वरच जमते. कॅलेंडरवर फुली मारून ठेवण्यात अर्थ नाही. शिडी चढायची, अंगठा लावायचा, उतरायचं. सकाळी दूध घेतल्यावर एकदा, रात्री दार लावताना एकदा.

घरातल्या बाकीच्यांना हे पटत नव्हतं. मुलीचं म्हणणं, एक उघडून बघायला काय हरकत आहे? शेजारची तर रोज विचारायची, “झाली का हो?” जसं काही माझ्याकडे कुणी अडलेलं आहे आणि तारीख उलटून चाललीय. मी म्हणायचे, “थांब, बाटली अजून मऊ आहे.” हे वाक्य मजल्यावर इतकं पसरलं की मुलं एकमेकांना खेळताना म्हणू लागली. पण उघडून बघण्यात हरकत होतीच. झाकण एकदा उघडलं की साठलेला वायू गेला, तो परत साठायला यीस्टने नव्याने साखर खायची. रोज एक घोट चाखणाऱ्याच्या घरी फेस कधीच येणार नाही.

त्याच सुमाराला भाच्याने मला त्याच्या कामाच्या ठिकाणी नेलं, दुपारी, गिऱ्हाईक नसताना. उंच छताची जुनी गिरणीची शेड, आणि त्यात स्टीलच्या चकचकीत टाक्या. त्याने एका टाकीच्या नळातून दोन लहान ग्लास भरले. एक तसाच ठेवला, दुसरा गरम पाण्याच्या भांड्यात थोडा वेळ धरला, ६० अंशांच्या आसपास. “आता वास घे.”

गरम ग्लासातून सरळ लोण्याचा वास आला. सिनेमागृहाच्या मध्यंतरात पॉपकॉर्नच्या काउंटरवर येतो तोच. गार ग्लासात त्याचा मागमूस नव्हता. भाच्याने समजावलं ते असं: यीस्ट साखर खाताना दारू नि वायूबरोबर इतरही चिल्लर वस्तू मागे टाकतं. एकीला लोण्याचा वास असतो, तिचं नाव डायअसिटिल. दुसरीला कच्च्या हिरव्या सफरचंदाचा, तिचं अॅसिटाल्डिहाइड. साखर संपत आली आणि यीस्टला आणखी थोडे दिवस तिथेच राहू दिलं की तेच यीस्ट आपण टाकलेलं हे सगळं परत खाऊन टाकतं. म्हणजे बिअरमध्ये दारू झाली, यंत्र सांगतंय काम संपलं, तरी ती तयार नसते. गरम करून वास घेण्याची परीक्षा त्यासाठीच. गरम केल्यावर लपलेलं डायअसिटिल बाहेर येतं. वास आला तर टाकी अजून थांबायची.

“आणि मालक थांबतो?” मी विचारलं.

तो हसला. “शनिवार आला की टाकी रिकामी पाहिजे असते सगळ्यांनाच. माझा पगार बिअर करण्याचा नाही आत्या, ‘अजून दोन दिवस’ म्हणण्याचा आहे.”

मला हे फार आवडलं. आजवर मला वाटत होतं की त्याचं कौशल्य माल्टमध्ये, हॉप्समध्ये, त्या आकड्यांच्या घड्याळांत आहे. हॉप्स कुणीही टाकील. भर गर्दीच्या आठवड्यात टाकीसमोर उभं राहून पैसेवाल्याला नाही म्हणायला वेगळी हाडं लागतात.

बाटलीत मुरवलेल्या बिअरचंही त्याने तिथेच सांगितलं. तयार बिअरमध्ये लिटरमागे सहा-आठ ग्रॅम साखर घालून बाटल्या बंद करायच्या आणि २० अंशांना दोन-तीन आठवडे ठेवायच्या. आठवड्याभरात झाकण उघडलं तर फुस्स आवाज येतो, फेसही येतो, आणि उतावळा माणूस म्हणतो झालं. पण तो फेस मोठ्या बुडबुड्यांचा, क्षणात बसणारा. वायू अजून वरच्या रिकाम्या जागेत जास्त, पातळात कमी. चवीतही बाटलीत घातलेल्या साखरेपैकी खाऊन झालेली आणि न खाल्लेली अशी सरमिसळ असते. आणखी काही दिवसांनी तीच बाटली उघडली तर बुडबुडे बारीक, फेस टिकणारा, आणि तळाशी गाळाचा पातळ थर घट्ट बसलेला. गाळ हलू न देता ओतायचं. शेवटचा घोट बाटलीतच सोडायचा.

माझ्या आल्याच्या बाटल्यांना एवढा काळ नव्हता, आणि तिथेच माझी पंचाईत होती. त्यांच्यात साखर भरपूर शिल्लक. यीस्टला थांबायला काही कारणच नाही. बिअरची ठरवून घातलेली साखर संपते नि मग ती निवांत मुरते. आल्याची बाटली मुरता मुरता फुगतच राहते. दोन्हीकडून टोक. म्हणून अंगठा.

एका संध्याकाळी अंगठा टेकला आणि आत गेला नाही. बाटली टणक, बुडाची नक्षी किंचित फुगलेली. मी तिथूनच मुलीला हाक मारली, दोघींनी खोका उतरवला, फ्रीजमधली भाजी बाहेर काढून बाटल्या आत. तेव्हा सगळा मजला दाराशी. आता तरी उघडणार ना? नाही. हीच तर शेवटची आणि सगळ्यात जड कळ. गरम पातळात वायू राहत नाही. ३० अंशांच्या एक लिटर पाण्यात नुसत्या हवेच्या दाबाला पाऊण लिटरही कार्बन डायऑक्साइड विरघळत नाही, शून्याजवळ तोच १.७ लिटरपर्यंत जातो. बाटली गार झाली तरी वरचा वायू पातळात उतरायला आणखी वेळ लागतो. तासाभरात उघडाल तर कारंजं, अर्धी बाटली छताला. निदान दोन दिवस गारव्यात राहू द्या. शेजारीण म्हणाली, “अहो, गणपती विसर्जनाला तुमच्याइतका वेळ लागत नाही.” तिला म्हटलं, लालबागच्या राजाला लागतो.

उघडली तेव्हा छत कोरडं राहिलं. चिमटा सुटताना ठॉक असा आवाज, मग बाटलीच्या मानेत धुकं, आणि बुडापासून वर येणाऱ्या मोहरीच्या दाण्याहून बारीक बुडबुड्यांच्या माळा. जिभेवर आधी लिंबू, मग गोडवा, आणि गिळल्यावर घशात आलं. मुलीने ग्लास संपवून पुढे केला. शेजारणीने पाककृती मागितली आणि विरजणाची बरणी पाहून, “एवढं कोण करत बसणार,” म्हणून परत दिली.

जानेवारीतली खेप वेगळी गेली. रात्री सतरा-अठरा अंश, खिडकीतून गार वारा, आणि बाटली मऊच्या मऊ. ऑक्टोबरमध्ये लागले त्याच्या दुपटीहून जास्त दिवस गेले. संक्रांतीला येणाऱ्यांना तिळगुळाबरोबर ती द्यायचा माझा बेत होता. संक्रांत येऊन गेली, रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवं आटोपली, बाटली तशीच. ती ताठली तेव्हा घरी पाहुणा एकही नव्हता. मग दोन दिवसांनी आजोबांनाच बोलावलं.

त्यांनी ग्लास उजेडाला धरला, नाकाशी नेला, एक घोट घेतला आणि बराच वेळ तोंडात घोळवला. मला वाटलं आता लालबागची एखादी जुनी गोष्ट निघणार.

“गॅस उत्तम,” आजोबा म्हणाले. “आलं कोवळं घेतलंत. या दिवसांत बाजारात नवं आलं येतं, त्याला पाणी जास्त नि तिखटपणा कमी. जून बघून घ्यायला हवं होतं.”

“मग पुढच्या वेळी तुम्हीच चला दादरला, निवडून द्या.”

“चला की. पण सकाळी सहाला निघायचं. सातनंतर तिथे चांगलं काही उरत नाही.”